एक स्टार देणाऱ्या ताईंना दुकानाकडून उत्तर: पंखा, चिलर आणि ठाण्याची दमट हवा

नमस्कार ताई,

रिव्ह्यू वाचला. किती स्टार द्यायचे हा तुमचा प्रश्न, त्यावर वाद नाही. पण माशांसाठी खाऱ्या पाण्याची टाकी घ्यायच्या विचारात असलेली ठाण्यातली इतर मंडळीही हे वाचतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची तक्रार थोडक्यात अशी. जानेवारीत आमच्याकडून ५० लिटरची मरीन, म्हणजे समुद्री माशांची, टाकी घेतलीत. मे महिन्यात पाणी ३२ अंशांवर गेलं. आम्ही "नुसत्या पंख्याने भागणार नाही, एसी नाहीतर चिलर (टाकीचं पाणी थंड करणारं यंत्र) लागेल" म्हणालो, ते तुम्हाला महागडी वस्तू गळ्यात मारण्यासारखं वाटलं. पुण्यातला एक जण व्हिडिओत दोन छोट्या पंख्यांवर टाकी २५ अंशांवर ठेवतो, म्हणून तुम्हीही पंखे लावलेत. तरी क्लाउनफिशची जोडी गेली, मश्रूम कोरल (छत्रीसारखा दिसणारा समुद्री जीव) पांढरं पडलं, आणि आम्ही पैसे परत दिले नाहीत.

पुण्याचा तो माणूस खोटं बोलत नाही. त्याचे पंखेही तुमच्या पंख्यांसारखेच असणार. फरक आहे तो हवेत. पंखा पाणी थंड करतो ते वाफ करून, आणि हवा आधीच ओलसर असेल तर वाफ व्हायला जागाच उरत नाही. नागपूरला वाळ्याच्या कूलरने खोली गारेगार होते, तोच कूलर घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये लावला तर नुसती चिकचिक होते. टाकीवरच्या पंख्याचंही तेच.

आकड्यांत बघा. पुण्यात एप्रिलच्या दुपारी ३८ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर वाफेच्या जोरावर पाणी जास्तीत जास्त २१ अंशांच्या आसपास उतरू शकतं. तुमच्या हॉलमध्ये ३४ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर हीच मर्यादा साडेसत्तावीसच्या वर जाते. मग पंखा दोन लावा की सहा. शिवाय प्रत्यक्षात पाणी त्या मर्यादेपर्यंत पोचत नाहीच, कारण पाण्यात बुडालेला पंप जेवढे वॉट खातो ते सगळे शेवटी उष्णता होऊन पाण्यातच उतरतात. वर दिवा आहे, आणि तुमच्या घरी पश्चिमेची भिंत संध्याकाळपर्यंत तापलेली असते. एकोणतीसवर थांबलं तरी पंख्याने त्याचं काम चोख केलं म्हणायचं. या टाकीला हवेत २५ ते २७.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, घरी करून बघा. साध्या थर्मामीटरच्या टोकाला ओला कापूस गुंडाळा आणि तो पाच-दहा मिनिटं पंख्यासमोर धरा. आकडा जिथे स्थिरावेल, ती तुमच्या पंख्याची शेवटची पायरी. तो २४ आला तर बिनधास्त पंख्यावर राहा. हा प्रयोग मी काउंटरवर गिऱ्हाइकांना करून दाखवतो, आणि जून-जुलैत काही जण हसतात, कारण कोरड्या आणि ओल्या पाऱ्यात तेव्हा जेमतेम दोन-तीन अंशांचा फरक उरतो.

आता चिलरबद्दल. टाकी, दिवा, मासे यांची बेरीज करा, छोट्या चिलरची किंमत त्याच्या आसपास जाते. ५० लिटरवाल्याला मी तो स्वतःहून सुचवत नाही. चिलर पाण्यातली उष्णता काढून खोलीतच फेकतो. स्टँडच्या बंद कपाटात कोंडला तर आपल्याच गरम हवेत तो चालत राहतो आणि बिल तेवढं वाढतं. म्हणून मी आधी एसी म्हटलं होतं, चिलर नंतर. आणि एसी आम्ही विकत नाही.

ज्या गोष्टीचा तुमच्या रिव्ह्यूत उल्लेखच नाही, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. मासे गेल्यावर तुम्ही पाण्याच्या छोट्या बाटलीत नमुना घेऊन आलात. झाकणाच्या कडेला पांढरं मीठ सुकलेलं होतं. रिफ्रॅक्टोमीटरच्या (पाण्याचा खारटपणा मोजायच्या उपकरणाच्या) काचेवर दोन थेंब टाकून मी तो तुमच्याच हातात दिला, आणि निळ्या-पांढऱ्याच्या मधली रेघ १.०३१ वर होती. हवी १.०२५ ला. पंखे लावल्यापासून टाकीतलं पाणी रोज लिटरभर उतरत होतं आणि तुम्ही ते मीठ कालवलेल्या पाण्याने भरून काढत होतात. वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ टाकीतच राहतं. लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ धरलं, तर दहा दिवसांत साडेतीनशे ग्रॅम जादा मीठ ५० लिटरमध्ये गेलं, म्हणजे जवळजवळ एक पंचमांश वाढ. पंखा लावला की भर घालायची ती साध्या आरओच्या पाण्याने, तीही रोज, कारण छोट्या टाकीत दोन दिवसांचा आळससुद्धा दिसतो.

पाणी जितकं गरम आणि जितकं खारट, तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. आणि गरम पाण्यात माशाला ऑक्सिजन लागतो जास्त. दोन्ही मासे वरच्या कोपऱ्यात येऊन तोंडाची उघडझाप करत होते असं तुम्हीच सांगितलंत, त्याचं कारण हेच. त्यात दुपारी बर्फाचा ट्रे थेट पाण्यात रिकामा केलात. तापमान झटकन खाली आणि रात्री पुन्हा वर, हा हेलकावा सलग ३० अंशांपेक्षाही वाईट. वेळ आलीच तर बंद बाटलीत गोठवलेलं पाणी तरंगत सोडायचं, एका वेळी एकच, आणि तासाला एखादा अंश उतरेल इतपतच.

पैशांचं इथेही स्पष्ट सांगतो. मासे जानेवारीत दिले, मेपर्यंत ते खात-पीत, खेळत होते. त्यांचे पैसे परत मिळणार नाहीत.

मश्रूम मात्र टाकून देऊ नका. पांढरं पडलं म्हणजे मेलं असं नाही. उष्णतेने त्याच्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवाल बाहेर पडतं आणि रंग जातो. मांस अजून घट्ट असेल आणि वास येत नसेल तर पाणी ताळ्यावर आल्यावर ते परत रंग धरू शकतं. दिवा काही आठवडे निम्म्यावर ठेवा.

टाकी हॉलमधून बेडरूममध्ये हलवा. रात्री तुम्ही एसी लावताच, तो २६-२७ वर ठेवा. एसी खोलीतला ओलावाही ओढून घेतो, त्यामुळे तेच पंखे तिथे खऱ्या अर्थाने काम करतील. पंख्यांना तापमानाचा कंट्रोलर जोडा, २६ ला बंद होईल असा. काचेचं झाकण काढून जाळी टाका, क्लाउनफिश उडी मारतात. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या, वीज गेली की पहिला प्रश्न ऑक्सिजनचा येतो, तापमानाचा नंतर. ही सगळी व्यवस्था पावसाळ्यात मोडू नका, ऑक्टोबरचं ऊन अजून यायचं आहे.

नवे मासे आत्ता मागू नका, मी देणारही नाही. आधी मीठ खाली आणायचं, तेही एका दिवसात नाही: रोज थोडं खारं पाणी काढून तेवढंच आरओचं घालायचं, रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा दिवसाला ०.००१ पेक्षा जास्त उतरू द्यायचा नाही. दर दोन-तीन दिवसांनी नमुना घेऊन या, तपासणीचे पैसे घेत नाही. सोमवारी दुकान बंद असतं.