जामीनदाराची सही ‘नावापुरती’ नसते

परवा माझ्या मावसभावाने मला एक संदेश पाठवला आणि खाली लिहिले, “वाचून घे, उद्या मी सही करून येतो.” मित्राच्या मोटारीच्या कर्जाला तो जामीन राहणार होता. हप्ते थकले तरी गाडी ओढून नेऊन विकल्याशिवाय बँक जामीनदाराला हात लावू शकत नाही, गाडीत त्याचा निम्मा हक्क असतो, साधे पत्र देऊन जामीन कधीही मागे घेता येतो आणि कर्जदार वारला की जामीनकी संपते, असे तो संदेश छातीठोकपणे सांगतो.

यातला पहिला दावा सर्वांत घातक आहे, कारण त्याच्याच भरवशावर माणसे सही करतात. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 128 नुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. ‘बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद’ या खटल्यात खालच्या न्यायालयाने नेमकी हीच अट घातली होती, की बँकेने आधी कर्जदाराविरुद्धचे सगळे उपाय संपवावेत आणि मगच जामीनदाराकडे वळावे. सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये ती अट रद्द केली, कारण धनकोला, म्हणजे कर्ज देणाऱ्याला, असे थांबवून ठेवले तर जामीन घेण्याचा हेतूच उरत नाही. म्हणजे हप्ता थकला की गाडी कर्जदाराच्या दारात उभी असतानाही वसुलीची नोटीस जामीनदाराच्या घरी येऊ शकते. शिवाय हे कर्ज त्याच्या स्वतःच्या सिबिल अहवालात, म्हणजे कर्जांच्या नोंदीत, दिसते, आणि उद्या तो घरासाठी कर्ज मागायला गेला की तिथे त्याचा विचार होतो.

निम्म्या हक्काची गोष्ट निराधार आहे. आरसीवर मालक म्हणून कर्जदाराचे नाव असते आणि बोजा बँकेचा असतो. जामीनदाराचे नाव तिथे कुठेच नसते. एका ठरावीक कर्जाला दिलेला जामीन रक्कम उचलली गेल्यावर एकतर्फी मागे घेता येत नाही, आणि कर्जदाराच्या मृत्यूनेही जामीनदार सुटत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते: जामीनदाराला काहीच हक्क नसतात असे नाही. त्याच्या संमतीशिवाय कराराच्या अटी बदलल्या, तर कलम 133 नुसार पुढच्या व्यवहारांपुरता तो मुक्त होतो. बँकेने तारण गमावले किंवा त्याला न विचारता सोडून दिले, तर कलम 141 त्याला त्या तारणाच्या किमतीपुरते मोकळे करते. त्याने पैसे भरले, तर बँकेचे हक्क त्याच्याकडे येतात आणि भरलेली रक्कम तो कर्जदाराकडून वसूल करू शकतो. संदेश लिहिणाऱ्याने यातलेच काही अर्धवट ऐकलेले दिसते.

पण हे हक्कही छापील करारात अनेकदा काढून घेतलेले असतात. मी भावाकडून मसुद्याचे फोटो मागवले, तर अकराव्या पानावर बारीक अक्षरांत एकच वाक्य होते: जामीनदार कलम 133 ते 141 खालील आपले सर्व हक्क स्वेच्छेने सोडून देत आहे. त्या पानाच्या तळाशी त्याच्या सहीसाठी पेन्सिलीने फुली मारून ठेवलेली होती. ते वाक्य वगळावे आणि जामिनाची कमाल रक्कम आकड्यात लिहावी, असे पत्र त्याने काल बँकेला दिले आहे, आणि उत्तर येईपर्यंत तो सही करणार नाही.