द्राक्ष निर्यातीचं बिलिंग सॉफ्टवेअर: दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला मालकाचं उत्तर

नमस्कार दादा,

दोन तारे दिलेत, त्यातला एक जुन्या ओळखीचा असावा. तुमची तक्रार अशी: रॉटरडॅमच्या खरेदीदाराची हिशेबाची फाइल आमच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली, तर ९१२,५० युरोची कपात ९१,२५० झाली. तीच फाइल मुलाने जर्मनीहून आणलेल्या लॅपटॉपवर बरोबर उतरली. आणि आमच्या माणसाने फोनवर "मग तुमच्या ऑफिसच्या मशिनमध्येच दोष आहे" असं सांगून टाकलं.

दोष मशिनमध्ये नव्हता, माझ्या कोडमध्ये होता. ती ओळ मीच लिहिलेली आहे. फोनवरच्या उत्तराबद्दल मनापासून माफी मागतो.

झालं काय, ते सांगतो. डच आणि जर्मन लोक आपल्या उलट लिहितात: हजार तोडायला टिंब आणि अपूर्णांकाला स्वल्पविराम. आमचं सॉफ्टवेअर डॉट नेटवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅम बनवायच्या तयार चौकटीवर, चालतं. तिथे मजकुराची रक्कम करताना कुठल्या देशाची पद्धत धरायची ते सांगितलं नाही, तर विंडोजमध्ये जी निवडलेली असेल ती धरली जाते. मी ते सांगितलं नव्हतं. तुमच्या ऑफिसात भारताची पद्धत, मुलाच्या लॅपटॉपवर जर्मनीची. म्हणून तिथे बरोबर आलं. उद्या त्याच लॅपटॉपवर आपलं साधं ९१२.५० घेतलं असतं, तर तेही ९१,२५० झालं असतं.

खरी मेख पुढे आहे. स्वल्पविराम चुकीच्या जागी दिसला तर डॉट नेट थांबेल, अशी माझी समजूत होती. ते थांबत नाही. स्वल्पविराम हजाराचा समजून गाळतं आणि पुढे जातं. तुमच्या फाइलमधली ४,५ किलोची पेटी त्यामुळे ४५ किलोची झाली. १.२३४,५० असं काही आलं असतं तर निदान एरर तरी आली असती, कारण टिंबानंतरचा स्वल्पविराम त्याला चालत नाही. एरर आली की माणूस फोन करतो. चुकीचा आकडा गपचूप खात्यात जाऊन बसतो.

तुम्ही शेवटी लिहिलंय, "स्वल्पविरामाच्या जागी टिंब करायचं, त्यात काय एवढं?" इथे मात्र माझं ऐका. तसं सरसकट केलं तर तुमच्याच शीतगृहाच्या बिलातले १,२५,००० कुठे जातील? शिवाय स्विस माणूस हजाराला वरची खूण (’) घालतो, फ्रेंच फाइलमध्ये तिथे न दिसणारी मोकळी जागा असते, आणि ती आपल्या स्पेसबारची नसतेच. (त्या जागेने माझा एक अख्खा रविवार खाल्लाय.) सॉफ्टवेअरने स्वतः ओळखावं म्हटलं, तर ९१२,५० ओळखता येईल, पण १.२५० समोर आलं की देवालाही सांगता येणार नाही.

म्हणून अंदाज बांधणं सोडलं. आता प्रत्येक खरेदीदाराच्या खात्यात त्याची पद्धत एकदा निवडायची. मशिन कुठलंही असो, फाइल त्याच पद्धतीने वाचली जाईल आणि खूण जागेवर नसेल तर आकडा नाकारला जाईल. सेव्ह करण्याआधी फाइलमधला मूळ मजकूर आणि आम्ही वाचलेली रक्कम शेजारी-शेजारी दिसतील, आणि बेरीज फाइलच्या शेवटच्या ओळीशी जुळली नाही तर पुढे जाता येणार नाही. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून टाकलेले देवनागरी आकडे (१, २, ३) सॉफ्टवेअर घेत नाही, ही तुमची तक्रारही खरी होती. डॉट नेट ते आकडे मानत नाही, आम्ही आता आधी बदलून मग देतो.

जुन्या नोंदीही तपासल्या. तुमच्या खात्यात अशा सात सापडल्या, यादी मेल केली आहे. सहा दुरुस्त केल्या, एकदा नजर टाका. सातवी एका डच खरेदीदाराच्या इंग्रजी पत्रातली आहे: "खराब माल १.२५० किलो." डच पद्धतीने साडेबाराशे, इंग्रजी पद्धतीने सव्वा किलो. ती तशीच ठेवली आहे. त्याला फोन करून विचारा आणि मला कळवा.