काकाजींचा ल

मी वेबसाइट तयार करतो. म्हणजे नेमकं काय करतो, हे माझ्या आईला सोळा वर्षांत कळलेलं नाही. शेजारणींना ती "कम्प्युटरवर रंगरंगोटी करतो" असं सांगते. आधी मला राग यायचा. आता मीही तेच सांगतो. त्याला कारण नागपूरच्या इतवारीतले काकाजी.

काकाजींचा धंदा कूलरचा. बाहेरगावच्या वाचकांना सांगून ठेवतो, नागपुरात कूलर ही वस्तू नाही, घरातला माणूस आहे. आठ महिने तो गच्चीवर ताडपत्रीखाली झोपतो. मार्च लागला की त्याला खाली उतरवायचं, जुन्या ताट्या, म्हणजे बाजूच्या पाणी धरणाऱ्या गवती जाळ्या, काढून नव्या बसवायच्या, पंपाला दोन शिव्या हासडायच्या आणि खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर त्याची स्थापना करायची. मेअखेरीस नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, पारा ४५च्या वर जातो, तेव्हा घरात आजोबांनी पाणी प्यायलं की नाही यापेक्षा कूलरमध्ये पाणी आहे की नाही याची चौकशी जास्त होते. ओल्या ताटीतल्या पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता ओढून घेते, एवढंच त्याचं शास्त्र. हवा कोरडी हवी. पाऊस पडला की तोच कूलर नुसती चिकचिक फेकतो. म्हणून या धंद्याला सीझन असतो, आणि म्हणून काकाजी जानेवारीतच आले.

"होळीच्या आधी पायजे बेटा. होळीनंतर मले मरायची फुरसत नसते."

मी हो म्हणालो. आमच्या धंद्यातली पहिली चूक हीच. बाकीच्या सगळ्या तिच्या लेकी.

आठ दिवसांत मी कच्चा नमुना दाखवला. मजकूर आला नव्हता, म्हणून रिवाजाप्रमाणे 'लोरेम इप्सम' भरलं होतं. काकाजींनी चष्मा कपाळावर सरकवून वाचायला घेतलं.

"हे काय लिहिलं?"

"जागा भरायला आहे काकाजी. लॅटिन आहे, मोडकंतोडकं. सिसेरो नावाचा रोमन माणूस होता, त्याच्या ग्रंथातलं. दोन हजार वर्षं झाली."

काकाजींनी मान डोलावली. मग बराच वेळ विचार करून म्हणाले, "मंग त्यानं आपल्या कूलरबद्दल काहून लिहिलं?"

मी म्हटलं, तुमचा मजकूर द्या. त्यांनी गांधीबागेतल्या ज्या प्रेसमध्ये हँडबिलं छापतात तिथून फाइल पाठवली. उघडली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, अर्धविराम, डॉलर आणि कंस यांची मिसळ वाढून आली. मला नवल वाटलं नाही. जुन्या डीटीपीच्या, म्हणजे कम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायच्या, फाँटमध्ये देवनागरी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, फाँट काढला की सोंग उतरतं. टिम बर्नर्स-ली यांचं वेब १९९१मध्ये लोकांसाठी खुलं झालं. युनिकोडची, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीची, पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची, आणि तिच्यात देवनागरी होती. म्हणजे आमच्या लिपीला रिझर्व्हेशन पहिल्या दिवशीच मिळालं होतं. पण प्रेसवाले भाऊ अजून जनरलच्या डब्यातच लोंबकळतात, कारण त्यांचा हात त्या कीबोर्डवर बसलाय आणि बसलेला हात उठवणं ब्रह्मदेवालाही जमत नाही.

मी तो मजकूर कन्व्हर्टरमधून काढला. कन्व्हर्टर म्हणजे गिरणी. दळून मिळतं, पण मधूनमधून खडा लागतो. आमचा खडा निघाला 'ऱ्य'मध्ये. र, हलन्त आणि य ओळीने ठेवले की कम्प्युटर इमानदारीत डोक्यावर रफार चढवतो. मराठीतला तो आडवा, पापणीसारखा र हवा असेल तर नुक्त्याचा ऱ घ्यावा लागतो, जो मुळात तमिळ-मल्याळममधला खरखरीत र लिहायला ठेवलेला आहे. गिरणीला हे माहीत नव्हतं. त्यामुळे 'गार वाऱ्याची हमी'चं झालं 'गार वार्याची हमी'. ते एक वेळ खपलं असतं. पण काकाजी लग्नाच्या लॉनवर, भट्टीजवळ ठेवायचा मोठा कूलरही बनवतात, आणि त्याच्या पानावर ठळक अक्षरांत आलं, 'आचार्यांसाठी खास कूलर'.

कढईपुढे घाम पुसणारे आचारी जाऊन तिथे एकदम दाढीवाले आचार्य आले. मी हे दुरुस्त करायच्या आत काकाजींच्या साळ्यांनी पाहिलं, आणि त्यांनी सत्संग मंडळात विचारूनही टाकलं की गुरुजींसाठी सूट किती.

हे निस्तरल्यावर काकाजी म्हणाले, "स्क्रीनवर काही समजत नाही बे. हे तं हलून रायलं. प्रिंट काढून आण."

वेबसाइटची प्रिंट! मी मोबाइल, टॅब, लॅपटॉप, तिन्हींवर नीट बसेल अशी रचना केली होती, त्यासाठी रात्री जागलो होतो. निमूटपणे अकरा पानांची प्रिंट काढली, सेलोटेपने एकाखाली एक चिकटवली आणि गुंडाळी करून जन्मपत्रिकेसारखी इतवारीत घेऊन गेलो.

काकाजींनी ती दुकानाच्या फरशीवर अंथरली. समोर डेमोसाठी दोन कूलर फुल स्पीडवर चालू. पहिलं पान उठलं, मग दुसरं, आणि बघता बघता माझं होम पेज खाली ग्राहक, वर छत, अशा अवस्थेत दुकानभर उडायला लागलं. पोरानं धावत जाऊन 'संपर्क' पकडलं. शेवटी चारी कोपऱ्यांवर पाण्याचे पंप ठेवले, आणि काकाजी लाल पेन घेऊन उकिडवे बसले.

पहिली खूण नावावर. "अक्षरं मोकळी कर. जरा श्वास घेऊ दे त्याईले."

इंग्रजीत हे सोपं आहे. दोन अक्षरांमधलं अंतर वाढवायला सीएसएसची, म्हणजे पानाची सजावट सांगणाऱ्या कोडची, एक ओळ पुरते. मराठीत ती ओळ लिहिली की शिरोरेघ तुटते. मी त्यांना लॅपटॉपवर करून दाखवलं. दोरी तुकड्यातुकड्यांत कापून प्रत्येक कपडा वेगळ्या खिळ्याला टांगावा, तसं दिसायला लागलं. काकाजींनी निरखून पाहिलं. "हे तं दात पडल्यासारखं दिसते. राहू दे." त्या दिवशीचा माझा एकमेव विजय.

दुसऱ्या खुणेला मात्र माझीच दांडी गुल झाली. काकाजींनी 'कूलर' शब्दातल्या ल भोवती गोल केला.

"हा ल आपला नाही."

"काकाजी, ल तो ल."

"नाही बे. हा दांडीवाला हाय. हिंदीवाला. आपल्या ल ले पाकळ्या असतात." त्यांनी कूलरच्या खोक्यावर लाल पेनने ल काढला. दोन सारख्या गोलाया, मध्ये देठ, मुंजीच्या पत्रिकेवर छापावा असा. "बाबूजीनं दुकान टाकलं तवा पेंटरनं असाच दांडीवाला ल काढला होता. बाबूजीनं अख्खी पाटी पुसायले लावली. वर जाऊन पाय."

मी बाहेर येऊन वर पाहिलं. पत्र्यावर हाताने रंगवलेली पाटी, निळ्यावर पिवळी अक्षरं, पाकळ्यांचा ल.

मी माहितीसाठी सांगितलं, की महाराष्ट्र शासनानेही २००९च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श हेच रूप ठरवलंय. काकाजींना शासनाशी काही देणंघेणं नव्हतं. "बाबूजीनं त्याच्या आधीच ठरवलं होतं," म्हणाले.

खोलीवर येऊन शोधलं, तेव्हा कान गरम झाले. चांगल्या फाँटमध्ये दोन्ही ल असतात. कोणता दाखवायचा ते ब्राउझर पानाच्या डोक्यावर लिहिलेली भाषा पाहून ठरवतो. मी वेळ वाचवायला एका जुन्या हिंदी साइटचा सांगाडा उचलला होता, आणि तिथे भाषा हिंदीच राहिली होती. ज्या माणसाला ईमेल काढून द्यायला पोरगा लागतो, त्याने कोड न पाहता माझ्या कोडातली चूक लाल पेनने पकडली होती. हिंदीची खूण 'एचआय' खोडून मराठीची 'एमआर' केलं, पान ताजं केलं, आणि साइटभर पाकळ्या उमलल्या.

यात एप्रिल संपला. मध्येच काकाजींच्या भाच्याने एआयवर पाच मिनिटांत वेबसाइट करून दाखवली. दिसायला माझ्याहून देखणी होती, हे कबूल करतो. फोटोत एक गोरी बाई स्वेटर घालून कूलरजवळ उभी. मी म्हटलं, हे नागपूर वाटत नाही. काकाजी खूष. "बाईनं स्वेटर घातला, म्हंजे थंडावा किती असंन पाय!" सुदैवाने त्या साइटवर ल हिंदीवाला होता. भाचा बाद झाला.

त्या रात्री मला फ्लॅश आठवलं, वेबपानांत हलती चित्रं आणि आवाज घालायचं जुनं सॉफ्टवेअर. २००८ साली मी फ्लॅशमध्ये पाकळ्या उधळणारी, सनई वाजवणारी स्वागताची पानं करायचो. लोक साइट बंद करायचे, मी मात्र 'कलावंत' होतो. ३१ डिसेंबर २०२०ला बनवणाऱ्या कंपनीनेच फ्लॅशचा आधार काढला आणि काही दिवसांत माझ्या उमेदीतल्या चार वर्षांच्या जागी राखाडी चौकोन उरला. बाबूजींची पत्र्याची पाटी पावसाळे खात अजून तिथेच आहे. हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मग पत्रा घे आणि ब्रश घे, निदान लाइट बिल तरी कमी येईल.

साइट जुलैत सुरू झाली. बाहेर धो धो पाऊस. पहिल्या आठवड्यात एकच चौकशी आली, तीही कूलर दुरुस्तीची, आणि तो कूलर दुसऱ्या दुकानातला होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी बिलाचे उरलेले पैसे आणायला इतवारीत गेलो. नेमकी मारबतीची मिरवणूक, म्हणजे गावातली इडापिडा सोबत घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची. काळी मारबत, पिवळी मारबत, मागून बडगे, आणि हजारो गळ्यांतून "घेऊन जा गे मारबत!" मीही काकाजींच्या ओट्यावर उभा राहून मनातल्या मनात एकेक सोपवत होतो: जुने फाँट घेऊन जा, तुटकी शिरोरेघ घेऊन जा, 'फायनल', 'फायनल-२' आणि 'एकदम फायनल' नावाच्या फायली घेऊन जा गे मारबत.

तेवढ्यात काकाजींनी खांद्यावर हात ठेवला.

"बेटा, कूलरचा सीझन तं गेला. मी म्हणतो, ते कूलर काढून सगळीकडे गीझर टाकून दे. दोन मिन्टाचं काम हाय."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. गीझरमध्ये ल नव्हता.