कांद्याचा भाव आणि विसर्गाचा आकडा: आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार भाऊ,

चांदोरीहून एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की लासलगावचा कांदा पेपरात २,१०० आणि तुमच्या ट्रॉलीला मिळाले १,४५०, गंगापूर धरणाच्या विसर्गाचा, म्हणजे सोडलेल्या पाण्याचा, आकडा शिळा, जाहिरातीच जास्त, म्हणून पेपर बंद करताय. पेपर घ्यायचा की नाही हा निर्णय तुमचा. पण ज्या आकड्यांवर तुमचे पैसे आणि नदीकाठच्या पाण्याच्या मोटारी अवलंबून आहेत ते आम्ही कसे छापतो, हे सगळ्यांसमोर सांगायलाच हवं.

बाजारभावाच्या चौकटीत लासलगावपुढे चार आकडे असतात: आवक, किमान, कमाल, सरासरी. २,१०० हा क्विंटलचा कमाल भाव. एकसारख्या आकाराचा, रंगदार, पत्ती न सुटलेला माल असलेल्या एखाद-दुसऱ्या ट्रॉलीला तेवढी बोली लागली तरी कमाल म्हणून तीच नोंदली जाते. त्याच ओळीत सरासरी १,५५० आहे आणि बहुतेक माल त्याच्याच आसपास जातो. साठवणीच्या चाळीतला कोंब फुटलेला थोडा कांदा जरी ट्रॉलीत राहिला, तरी व्यापारी वरचा थर बाजूला सारून खालचा बघतो आणि बोली उतरते. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी काढली नाही तर तीही सगळ्या ट्रॉलीचा भाव पाडते.

गाडी भरायची की थांबायचं हे ठरवताना कमालकडे बघू नका. सरासरी आणि आवक चार-पाच दिवस सलग वाचा. मार्च-एप्रिलमध्ये लाल आणि उन्हाळ कांदा एकाच वेळी बाजारात असतो, तेव्हा आम्ही दोघांच्या ओळी वेगळ्या देतो. लाल टिकत नाही, उन्हाळ चाळीत महिनोन्‌महिने राहतो. दोघांची मिळून काढलेली सरासरी कुणाच्याच उपयोगाची नाही. बाजार बंद असेल तर कालचा भाव पुन्हा न छापता ‘लिलाव बंद’ एवढंच लिहितो.

आता विसर्ग. तुमच्याकडे जाणारी डाक आवृत्ती, म्हणजे शहराबाहेर पाठवायचा अंक, शहर आवृत्तीच्या आधी छापायला जाते, त्यामुळे तिच्यातला आकडा संध्याकाळचा असतो. रात्री धरणातून पाणी वाढवलं तर तो सकाळी जुना झालेला असणारच. म्हणून यापुढे प्रत्येक आकड्यापुढे वेळ छापू. शिवाय चांदोरी-सायखेड्याला एकट्या गंगापूरवरून अंदाज येत नाही. नाशिक शहरातले नाले आणि उपनद्यांचं पाणी धरून तिथल्या होळकर पुलाखालचा आकडा वेगळाच निघतो, दारणा नदीचं पाणी तुमच्याच भागात गोदावरीला मिळतं आणि खाली नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यामुळे अडलेल्या पाण्याचा फुगवटा असतो. त्यामुळे गंगापूर, होळकर पूल, दारणा आणि नांदूरमध्यमेश्वर हे चारही आकडे डाक आवृत्तीत एकाच चौकटीत देणार आहोत. तरीही काठावरच्या मोटारी काढायला सकाळच्या पेपरची वाट बघू नका. रात्री पाटबंधारे खात्याचा आणि तहसीलचा इशारा आला की लगेच हलवा.

जाहिरातींबद्दल एवढंच की अंकाच्या किमतीत कागद आणि छपाईचा खर्च निघत नाही. पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर मात्र ‘जाहिरात’ असा शब्द असतोच. तो कुठे दिसला नाही तर पान क्रमांकासह कळवा.

तुमच्या हिशोबपट्टीचा (विक्रीच्या पावतीचा) फोटो कार्यालयात पाठवा. तारीख, लिलावाचं सत्र आणि मालाची प्रत दिसू द्या, नाव झाकलं तरी चालेल. त्या सत्राच्या बाजार समितीच्या नोंदीशी आम्ही तो ताडून बघू आणि जे निघेल ते इथेच लिहू.