‘इम्पोर्टेड आहे साहेब’ म्हणून गळ्यात मारलेले टायर

“इम्पोर्टेड आहे साहेब, कंपनीच्या टायरपेक्षा हजार रुपये कमी.” नाशकात टायरच्या दुकानात उभं राहा, पाच मिनिटांत हे वाक्य कानावर पडतं आणि दर वेळी डोक्यात जातं. इम्पोर्टेड हा दर्जा कधीपासून झाला? टायर बोटीतून आला एवढंच त्यातून कळतं. तो कधी बनला, कोणी तपासला, उद्या बाजूला फुगा आला तर भरून कोण देणार, यातलं काहीही कळत नाही. सातपूरला सिएटचा कारखाना असलेल्या या शहरात, नाव धड वाचता येत नाही असला टायर ‘बाहेरचा माल’ म्हणून डोळे झाकून घेतला जातो, याचा संताप येतो.

बाहेरून आलेला सगळाच माल वाईट, असं मुळीच नाही. मोठ्या मापांचे कितीतरी नामांकित टायर परदेशातून येतात, उत्तम असतात आणि महागच असतात. राग आहे तो बेनामी, बिनबिलाच्या, स्वस्त टायरवर आणि तो विकणाऱ्या बेफिकिरीवर.

गाड्यांच्या नव्या टायरची आयात सरकारने 12 जून 2020 पासून ‘मुक्त’ यादीतून काढून ‘निर्बंधित’ केली. म्हणजे परवान्याशिवाय माल आणता येत नाही. त्याच्याही आधीपासून, 2009 च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने टायरवर आयएसआयचा शिक्का सक्तीचा आहे, कारखाना कोणत्याही देशातला असो. कारच्या टायरवर शिक्क्यासोबत आयएस 15633 हा मानक क्रमांक आणि सीएम/एल अशा अक्षरांपुढे परवाना क्रमांक कोरलेला असतो. मोबाइलवर बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) केअर ॲप उघडायचं, तो क्रमांक टाकायचा. परवाना कोणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का, ते दिसतं. एका मिनिटाचं काम आहे. पण काउंटरवरचा माणूस गोलातला ‘ई’ दाखवून म्हणतो, “हे बघा, युरोपचा शिक्का.” तो ‘ई’ युरोपच्या नियमांसाठी आहे. इथे आयएसआय लागतो, आणि तो नसेल तर तो टायर विकायलाच नको. एवढं साधं आहे हे.

आता तारीख. सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते आणि तिच्या शेवटी लंबगोलात चार आकडे. 3221 असेल तर 2021 सालचा 32 वा आठवडा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. पण बऱ्याच टायरवर ही पूर्ण ओळ एकाच बाजूला असते, दुसऱ्या बाजूला अर्धीच, तारखेशिवाय. जुना माल खपवायचा असला की तारखेची बाजू आत, गाडीखाली जाईल अशी बसवतात. मग ती बघायला गाडी जॅकवर घेऊन, टॉर्च घेऊन आडवं पडावं लागतं. कोण पडतो? म्हणून टायर रिमवर चढायच्या आधी, तो जमिनीवर असतानाच, चारही टायरच्या तारखा वाचा आणि फोटो काढा. चारांपैकी दोन ताजे आणि बाकीचे तीन वर्षांपूर्वीचे, असं मिसळून देण्याचा प्रकार सर्रास चालतो. एक टायर दाखवतात आणि चार बसवतात. वर्षाच्या आतला घ्या. सावलीत नीट ठेवलेला दोन वर्षांपर्यंतचा चालून जाईल. त्यापुढचा कितीही स्वस्त मिळाला तरी परत पाठवा.

का? रबर नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं. ओझोन आणि उन्हापासून वाचवणारी द्रव्यं आणि मेण रबरातच मिसळलेलं असतं. टायर फिरताना, दबताना-सुटताना ते हळूहळू पृष्ठभागावर येत राहतं. पत्र्याच्या शेडखाली एकावर एक रचून दोन-तीन उन्हाळे काढलेल्या टायरमध्ये ते होत नाही. नक्षीच्या खाचांच्या तळाशी बारीक भेगा पडतात. वरून काळं पॉलिश फासलं की भेगा दिसत नाहीत आणि टायर चकचकीत नवा वाटतो. सुक्या फडक्याने खाच पुसा, दोन्ही अंगठ्यांनी नक्षी फाकवा. तळाशी केसासारख्या रेघा दिसल्या तर तो टायर हातातून खाली ठेवा. बहुतेक नव्या टायरवर साच्यातून निघताना राहिलेले रबराचे बारीक केस आणि नक्षीवर रंगीत पट्टे असतात. दोन्ही गायब आहेत आणि चमक मात्र भरपूर आहे? मग तो वापरलेला, खाचा पुन्हा कोरलेला टायर असू शकतो. वरचं रबर झिजल्यावर उरलेल्या पातळ थरात ब्लेड फिरवून नक्षी खोल दाखवतात. त्या खाचेच्या खाली तारेच्या पट्ट्यापर्यंत किती रबर उरलं असेल, विचार करा. अशा टायरवर बायको-मुलांना बसवून लोक वणीच्या गडाचा घाट चढतात!

स्वस्त टायर स्वस्त का असतो, हे कोणी विचारतच नाही. ओल्या रस्त्यावर पकड देणारं सिलिका महाग, ते रबरात मिसळण्याची प्रक्रियाही अवघड. कमी किमतीच्या मालात मुख्यतः कार्बन ब्लॅकवर, म्हणजे काजळीसारख्या काळ्या पुडीवर, भागवतात. कोरड्या कॉलेज रोडवर काहीच कळत नाही. कळतं जुलैमध्ये, इगतपुरीच्या पुढे कसारा घाट उतरताना, समोरच्या ट्रकचे लाल दिवे लागतात तेव्हा. ताशी 80 किमी वेगाने ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला, तर पकडीच्या युरोपीय वर्गवारीतल्या वरच्या आणि तळच्या टायरमध्ये थांबण्याच्या अंतराचा फरक 18 मीटरपर्यंत जातो. चार गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर होते तेवढी लांबी. वाचवलेल्या हजार रुपयांत ती लांबी विकत मिळते का?

दुसरी काटछाट दिसत नाही, पण वाचता येते. बाजूवर बारीक अक्षरांत टायरच्या थरांची यादी असते: पॉलिएस्टर किती, स्टील किती, नायलॉन (म्हणजेच पॉलिअमाइड) किती. नक्षीखालच्या थरांत स्टीलच्या दोन पट्ट्यांवर नायलॉनची एक पट्टी गुंडाळलेली असावी. वेगात चाक फिरताना स्टीलच्या कडा बाहेर फेकल्या जाऊ नयेत, म्हणून ती असते. यादीत नायलॉनच नसेल तर तो टायर गावातल्या गावात ठीक, समृद्धी महामार्गावर नाही.

समृद्धीवर टायर फुटला की लगेच सगळे म्हणतात, “काँक्रीटचा रस्ता आहे ना, गरम होतो.” अहो, रस्ता तोच आणि शेजारच्या लेनमधली गाडी मजेत चाललेली असते. बहुतेक वेळा टायर फुटतो तो कमी हवा, जास्त ओझं, जुनं रबर आणि सलग 120 चा वेग या चौकडीमुळे. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, आतून तापते, पट्ट्यांच्या कडेला रबर सुटायला लागतं. आधी फुगा, मग अख्खी नक्षी सोलून निघते. आणि याच्यावर कडी म्हणजे “उन्हाळा आहे, दोन पॉइंट हवा कमी ठेवा” हा सल्ला. कोणी काढला हा सल्ला? हवा टायर थंड असताना मोजायची, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलीय तेवढी भरायची, चार-पाच माणसं आणि सामान असेल तर तिथेच दिलेल्या जास्तीच्या आकड्याप्रमाणे. प्रवासात तापून तीन-चार पीएसआय (हवेच्या दाबाचे पॉइंट) वाढते, ती वाढायलाच हवी. सिन्नरला उतरून गरम टायरची हवा सोडू नका!

भार आणि वेगाचे आकडेही बघा. मापानंतर 88एच असं लिहिलेलं असतं. 88 म्हणजे एका टायरवर 560 किलो, 85 म्हणजे 515, 82 म्हणजे 475. अक्षर वेगाचं: टी म्हणजे ताशी 190 किमीपर्यंत, एच म्हणजे 210. कंपनीने दिलं त्याहून कमी आकड्याचा टायर घेऊ नका, “माप तेच आहे ना” असं कोणी कितीही म्हणो. शिर्डी-त्र्यंबकच्या फेऱ्या मारणाऱ्या भाड्याच्या गाड्यांनी तर मुळीच नाही. बाजूवरचा ट्रेडवेअर 500 (नक्षी किती टिकेल याचा आकडा) दाखवून “बघा, जास्त चालणार” म्हणतात, त्यावर जाऊ नका. तो आकडा कारखाना स्वतःच देतो, दोन वेगळ्या ब्रँडमध्ये त्याची तुलना होत नाही.

पैशाचाच हिशेब करायचा असेल तर नीट करू. उदाहरण म्हणून धरा, स्वस्त टायर 3,800 चा आणि 28,000 किमी चालला. चारांचे 15,200, म्हणजे किलोमीटरला 54 पैसे. नामांकित 5,200 चा, 45,000 चालला; चारांचे 20,800, म्हणजे 46 पैसे. शिवाय पहिल्यात फिटिंग, बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं), अलाइनमेंटचा खर्च लवकर पुन्हा. स्वस्त कुठे राहिला तो?

आणि बिल! “बिल नको असेल तर आणखी कमी करतो.” 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, तरी हे वाक्य काही बंद झालं नाही. बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही. नामांकित कंपनीच्या टायरला बनावटीच्या दोषाने फुगा आला तर उरलेली नक्षी गेजने मोजून त्या प्रमाणात रक्कम वळती करून देतात. बेनामी टायरचा आयातदारच सापडत नाही, आणि दुकानदार “खड्ड्यात गेला असेल” म्हणून हात झटकतो. विम्यावर भरवसा असेल तर पॉलिसी वाचा: गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत नुसता टायर गेला तर काही मिळत नाही, त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंतच. बिलावर ब्रँड, माप आणि चारही टायरचे क्रमांक लिहून घ्या. लिहायला नकार देणाऱ्या दुकानातून उठा.

बसवताना बॅलन्सिंगच्या मशीनसमोर उभे राहा. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो हलक्या जागेचा, तो व्हॉल्व्हसमोर यायला हवा. ठिपक्याकडे ढुंकूनही न बघता टायर चढवतात आणि मग शिशाचे तुकडे ठोकत बसतात. 10 ते 30 ग्रॅम ठीक. 80-100 ग्रॅम लागले तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बघायला सांगा. तरी तेवढेच लागले आणि रिम सरळ असेल, तर टायरच एकसारखा नाही. मशीनवर फिरताना नक्षी वरखाली उड्या मारताना दिसते का, तेही डोळ्यांनी बघा. असा टायर परत करा, स्टिअरिंग थरथरतं म्हणून नंतर अलाइनमेंटवर पैसे ओतू नका.

ज्यांच्या गाडीला असे टायर आधीच लागले आहेत त्यांनी निदान चांगले दोन मागे घ्या, पुढे नाही. ओल्या वळणावर मागची बाजू सुटली की गाडी आवरत नाही. वेग 80-90 च्या आत ठेवा, दर पंधरवड्याला बाजूंवरून हात फिरवून फुगा चाचपा, आतल्या बाजूनेही. नक्षी झिजून खाचांमधल्या 1.6 मिमीच्या खुणेला टेकायची वाट बघू नका, 3 मिमीला पावसाळ्याआधीच बदला. आणि स्टेपनीची तारीख बघा, ती बहुतेक गाडीएवढीच जुनी असते.