पहिली कमाई

परवा फोटोग्राफीतून आयुष्यातली पहिली कमाई झाली. रुपये दहा फक्त. बायको घरी येणाऱ्याजाणाऱ्याला हे सांगत सुटली आहे, म्हणून म्हटलं माझी बाजूही कुठेतरी नोंदलेली असावी.

छत्रपती संभाजीनगरला लग्न होतं. जेवणं उरकली तशी मी बायकोला घेऊन बीबी का मकबऱ्याकडे सटकलो. नोव्हेंबरात तिथे सूर्य पावणेसहाच्या आसपास बुडतो, तोही नैर्ऋत्येकडे झुकून. दक्षिणेच्या दरवाज्यातून आत गेलं की डाव्या हाताने तिरपं ऊन येतं. मोजून दहा-बारा मिनिटांचा खेळ.

"असले हजार फोटो मोबाइलवर दिसतात," बायको म्हणाली आणि बाकावर बसली. तिला कसं सांगू? मकबऱ्याला संगमरवर आहे तो खाली कमरेएवढा आणि वर घुमटाला. मधला सगळा दगड आणि त्यावर चुन्याचा गिलावा. भर दुपारी ही ठिगळं साफ दिसतात, पावसाने काळवंडलेले डागसुद्धा. संध्याकाळच्या उन्हात मात्र संगमरवर कुठे संपला आणि चुना कुठे लागला, ते कळत नाही. औरंगजेबाच्या मुलाने, आझमशहाने, आईसाठी बांधलेली ही कबर. खर्च सांगतात ६,६८,२०३ रुपये ७ आणे. ते सात आणे मला फार आवडतात. कोणीतरी कारकून रात्री दिव्याखाली ते सात आणे जुळवत बसला असेल. आजोबांच्या ताजचे हिशेब कोटींत सांगतात. नातवाच्या पदरी आणे.

तर ट्रायपॉडला तिथे परवानगी लागते, म्हणून मी श्वास रोखून, कोपर बरगडीला टेकवून उभा. घुमटाला मधाचा रंग चढायला लागला होता. तेवढ्यात चौकटीत एक सफारी सूट आला.

"हां, घ्या," सफारीतले काका म्हणाले.

"काय घेऊ?"

"फोटो हो! पैले जोडीचा घ्या, मंग समद्यांचा. किती घेता?"

"काका, मी फोटोवाला नाही."

काकांनी माझ्या लेन्सकडे पाहिलं. ती लेन्स अजून हप्त्यावर आहे. "मंग येवढा मोठा कॅमेरा कामून घेतला?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. बायकोकडेही नाही, ती तीन वर्षं विचारते आहे. मी गप्प बसलेला पाहून काका समजले की भाव वाढवतोय. "पल्याडचा वीस म्हणतो. तुमी पंधरा घ्या."

एकदा ठणकावून नाही म्हणायचं होतं. पण मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं आमच्या घरात कोणी शिकवलंच नाही. म्हटलं एक काढू, कटेल पीडा. तर काकूंना घुमटाचा कळस चिमटीत धरायचा होता.

हा प्रकार ज्याने शोधला त्याला माझे तळतळाट. "काकू, हात वर. अजून वर. थोडा खाली. डावीकडे... तुमच्या डावीकडे." काकूंची चिमूट आकाशात फिरत राहिली, कळस काही सापडेना. "आगं, मीठ टाकायलीस का?" काका ओरडले आणि स्वतः दाखवायला गेले. मग काकांची चिमूट. मग जावयाची. मग दोन पोरींची, एका पोराची. शेवटी कानटोपी घातलेल्या तान्ह्या बाळाची चिमूट जुळवायला तिघं जण लागली, आणि बाळाने मूठ उघडलीच नाही. सात माणसं, आणि घुमट एका मिठाच्या खड्यासारखा सगळ्यांच्या बोटांत देऊन झाला.

"आता छापून द्या."

"माझ्याकडे छपाई नाही."

"मंग व्हाट्सपवर टाका."

"कॅमेऱ्यातून लगेच नाही जात, काका. घरी जाऊन..."

काकांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. मग खिशातून स्वतःचा मोबाइल काढून माझ्या हातात दिला. "हेच्यात काढा."

पुन्हा जोडी. पुन्हा काकूंची चिमूट. तोवर सूर्य गेला, घुमट राखाडी झाला, चुना चुन्यासारखा दिसू लागला. काकांनी एकेक फोटो बोटांनी मोठा करून तपासला.

"काळे आलेत."

"उजेड गेला ना, काका."

"लवकर काढायचे की मंग!" असं म्हणून त्यांनी पंधराऐवजी दहाची नोट माझ्या शर्टाच्या खिशात कोंबली. मी परत करायला गेलो, तर काकू म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भाऊ, तुमाला बी पोटपाणी हाय."

बाकावर बायको डोळे पुसत होती. हसून हसून.

घरी येऊन कार्ड पाहिलं. सोनेरी उजेडातले एकूण एकोणीस फोटो. एकोणीसही फोटोंत कोणी ना कोणी माझ्या घुमटाच्या चार बोटं बाजूला हवा चिमटीत धरून उभं आहे. चौदाव्यात बाळ आणि घुमट दोघंही सुंदर आलेत, पण तेवढ्यात जावयाने डोकं घातलं.

त्या संध्याकाळी बाहेर पडल्यावर रागाच्या भरात दोन चहा सांगितले आणि काकांची नोट पुढे केली. चहावाल्याने ती उजेडात धरली. मधोमध चिकटपट्टी होती.

"दुसरी द्या, साहेब."