गाणं आहे, पण सापडेल तर शपथ!

गोव्यातल्या पोरांनी पदरचे पैसे घालून केलेलं नवं गाणं शोधायचं म्हणजे डोक्याला ताप. 'गोंय' हा एकच शब्द रोमीत, म्हणजे रोमन लिपीतल्या कोकणीत, कुणी शेवटी एम लावून लिहितो, कुणी वाय. देवनागरीत टाकलं तर तिसरंच काही समोर येतं. अहो, अपलोड करतानाच दोन्ही लिप्या द्या ना! गाणं अ‍ॅपांवर पोहोचवणारा वितरक बदलताना 12 अक्षरी आयएसआरसी, म्हणजे रेकॉर्डिंगचा ओळख कोड, जुनाच ठेवायचा, नवा घेतला की आधीचे प्ले गेले. स्पॉटिफायवर प्रकाशनाच्या किमान 7 दिवस आधी पिच करायचं, म्हणजे त्यांच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं, की ते फॉलोअर्सच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या यादीत जातं. इथे मध्यरात्री अपलोड, सकाळी स्टोरी, चोवीस तासांत तीही गायब! आणि घुमट हे वाद्य इतकं सुंदर वाजवलंय, ते कुणी? नावच नाही.